सरासरीने न जाणारी चूक : मये परिसरातलं मोजमाप आणि शाळेची प्रयोगशाळा

मये गावातल्या एका शिक्षकमित्राने मला एकदा नववीच्या वर्गावर बोलावलं होतं. मुलांचा वर्निअर कॅलिपरचा प्रयोग चालू होता. पितळेचा एक लहान दंडगोल, त्याचा व्यास पाच वेळा मोजायचा, तक्ता भरायचा, सरासरी काढायची. एका गटाची वाचनं होती १.५५, १.५६, १.५४, १.५५ आणि १.५५ सेंटिमीटर. सरासरी १.५५. आकडे एकमेकांना इतके धरून होते की कुणालाही वाटावं, माप पक्कं झालं.

मी त्यांना कॅलिपरचे जबडे रिकामेच मिटायला सांगितलं. शून्यावर शून्य यायला हवा होता. आला नाही. वर्निअरची तिसरी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळत होती, म्हणजे कॅलिपर काहीही न पकडता ०.०३ सेंटिमीटर दाखवत होता. दंडगोलाचा खरा व्यास १.५२. पाचही वाचनं तेवढ्यानेच वाढलेली, आणि म्हणून सरासरीही.

एक मुलगा म्हणाला, "सर, मग पाच वेळा मोजून उपयोग काय झाला?"

तास संपत आला होता, मी थोडक्यात काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. यंत्रशाळेत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर येतं. त्याचं ऐतिहासिक उत्तर आपल्याच गावाच्या आसपास आहे, हे मला नंतर कळलं. ते उत्तर म्हणजे हा लेख.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. मोजताना चुका दोन जातींच्या होतात. हात हलला, डोळा किंचित तिरका झाला, घड्याळ क्षणभर उशिरा दाबलं, तर आकडा कधी थोडा वर जातो, कधी खाली. पुस्तकात हिला यादृच्छिक त्रुटी म्हणतात. मी मुलांना वाट चुकलेली चूक म्हणून सांगतो. पुन्हा पुन्हा मोजलं की अशा चुका एकमेकींना खातात आणि सरासरी सुधारते. दुसरी जात म्हणजे पद्धतशीर त्रुटी, ठाण मांडून बसलेली चूक. ती दरवेळी एकाच बाजूला ओढते. शंभर वेळा मोजा, ती शंभर वेळा तिथेच असते. तिच्यावर सरासरीचा इलाज नाही. ती शोधायची तर मापालाच मापावं लागतं. आणि शोधायला परवानगी नसली की तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. मयेच्या आणि एकूण डिचोली-पेडण्याच्या इतिहासात मोजमापाचा प्रश्न आला, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीच्या चुकीचा होता.

कुडव, शीग आणि लाभ

१७८० च्या दशकात डिचोली महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून. राज्य बदललं, खळ्यातलं माप बदललं नाही. भात वजनाने नव्हे, आकारमानाने मोजलं जाई. लहान मापांपासून कुडवापर्यंत आणि वीस कुडवांची एक खंडी. जमीनही याच भाषेत बोले. अमक्या कुडवाचं शेत म्हणजे तेवढं बी जिथे पेरलं जातं तेवढी जमीन. क्षेत्रफळाचं एकक बियाण्याच्या टोपलीत होतं म्हणा ना.

या पद्धतीत अडचण अशी की भांड्याच्या काठावर गोष्ट संपत नाही. धान्य काठाच्या वर रास धरतं. ती शीग. शिगोशीग भरणे हा वाक्प्रचार आपण आज कौतुकाने वापरतो, पण खळ्यात तो हिशेबाचा शब्द होता. किती फरक पडतो ते नववीच्या गणिताने काढता येतं. समजा २० सेंटिमीटर व्यासाचं आणि १५ सेंटिमीटर उंचीचं गोल माप आहे. भाताची रास साधारण ३५ अंशांचा उतार धरते. मग वरचा शंकू सुमारे ७ सेंटिमीटर उंच होतो आणि त्याचं घनफळ खालच्या भांड्याच्या घनफळाच्या पंधरा टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे सपाट मापाऐवजी शिगेचं माप धरलं तर वीस कुडवांच्या खंडीमागे तीन कुडव जास्त जातात.

शीग ही स्वतः लबाडी नव्हे. देताना शीग आणि घेतानाही शीग असेल तर तो रिवाज झाला. भाटकाराने खंड घेताना शीग लावली आणि कुळाला उसने बी देताना फळी फिरवून माप सपाट केलं, की रिवाजाचं पाप होतं. मापात पाप ही म्हण उगाच आलेली नाही. घेण्याचं माप मोठं आणि देण्याचं लहान, ही तक्रार जिथे जिथे खंड मापून दिला जाई तिथे तिथे ऐकू येते. लक्षात घ्या, इथे वाट चुकलेली चूक नाहीच. कुळाने वीस वेळा मोजलं तर वीसही वेळा तेच जादा जाणार. ठाण मांडून बसलेल्या चुकीचं याहून स्वच्छ उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात मी पाहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. माप ओतताना पहिल्याला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. शुभ म्हणून. पण त्यात मोजणी चुकत नसे, कारण लाभ म्हणजेच एक हे दोन्ही बाजूंना ठाऊक. मोजणी कुठून सुरू करायची हे आधी ठरलेलं असणं किती महत्त्वाचं आहे, ते पुढे लंबकापाशी दिसेल.

तराजूचा पासंग

दुसरा शब्द पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं आपण म्हणतो, पण पासंग म्हणजे काय हे आजच्या मुलांना विचारून पाहा. रिकाम्या तराजूची एक पारडी खाली जात असेल तर समतोल साधायला दुसरीकडे जे काही लावायचं ते पासंग. म्हणजे तराजूची शून्य त्रुटी आणि तिचा इलाज, दोन्ही एका शब्दात. सोनाराच्या तराजूला हे सर्वांत जास्त सांभाळावं लागे, कारण तिथे गुंजांचा हिशेब. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.

पासंग लावून रिकामी पारडी समतोल झाली तरी दांडीचे दोन हात सारखे लांब नसतील तर चूक उरतेच. शाळेत यावर एक सुंदर युक्ती शिकवतात. वस्तू एकदा डाव्या पारड्यात ठेवून तोला, एकदा उजव्या. दोन वजनं वेगळी आली तर त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. एकदा १०० ग्रॅम आणि एकदा १०२ ग्रॅम आलं, तर खरं वजन जवळजवळ १०१. त्याच पारड्यात दहा वेळा तोलून हे कधीच कळलं नसतं. पारडी बदलावी लागली. बाजारातल्या गिऱ्हाइकाला ही युक्ती ठाऊक नव्हती असं नाही. दुकानदाराला 'पारडी बदला' म्हणायची त्याची टाप नव्हती.

दोन बाजूंची दोन मापं

पोर्तुगालने १३ डिसेंबर १८५२ च्या हुकमाने मीटर पद्धत स्वीकारली. १८७५ साली पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, त्यात पोर्तुगाल होता. ब्रिटन १८८४ मध्ये आत आला आणि तरी यार्ड-पौंडच चालवत राहिला. त्यामुळे गोव्याच्या सरकारी कागदावर मीटर-किलो आणि सीमेपलीकडे ब्रिटिश मुलखात मैल, यार्ड, शेर, मण अशी स्थिती झाली. त्याआधीची पोर्तुगीज मापंही लोकांच्या तोंडी होतीच. पोर्तुगीज 'वारा' १.१० मीटरची आणि आपला कापडाचा वार ०.९१ मीटरचा. ऐकायला भावंडं, पण कापडात जवळजवळ वीतभर फरक.

आमच्या भागातल्या मुलाची यात गंमत होई. गावात पूर्वी शेणवी मामा ओसरीवर शिकवीत, हिशेब आणि मोडी. १९१० नंतर पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना थोडा श्वास मिळाला आणि मराठी शाळा वाढल्या. या शाळांत पुस्तकं मुंबई इलाख्यातली. म्हणजे मुलगा पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करणार, चाळीस शेरांचा मण शिकणार, घरी कुडवाचा हिशेब ऐकणार आणि पोर्तुगीज शाळेत गेला तर मीटर-किलो. पणजीला १८५४ पासून लिसेव होतं, पण तिथवर डिचोलीची फारच थोडी मुलं पोचत.

भारताने १९५६ साली मापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं यायला लागली. शेर ९३३ ग्रॅमचा आणि किलो हजाराचा, त्यामुळे बाजारात वर्षानुवर्षं घासाघीस चालली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा दोन्ही बाजू कागदावर तरी एकाच मापावर आल्या होत्या. एक खूण मात्र अजून टिकून आहे. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये बोलतात. दोडामार्गची हद्द ओलांडली की तोच माणूस गुंठे बोलायला लागतो.

प्रयोगशाळा गावात आली

मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आल्यावर, खेडोपाडी शाळा उघडल्या. माध्यमिक शाळांची मुलं सुरुवातीला महाराष्ट्राच्या मंडळाच्या शालान्त परीक्षेला बसत. गोव्याचं स्वतःचं परीक्षा मंडळ १९७५ साली झालं. मधल्या काळात कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करावं अशी शिफारस केली, आणि प्रयोगशाळा ही शहरातल्या शाळांची मिरासदारी राहिली नाही.

गावातली प्रयोगशाळा म्हणजे काय? एक खोली, एक कुलूपबंद कपाट, लांब टेबलं. कपाटात अंबाल्याहून आलेली उपकरणं. देशभरच्या शाळांचे कॅलिपर, स्क्रू गेज, तानकाटे, चुंबकसूच्या तिथूनच येत, आजही येतात. चाळीस मुलांना चार कॅलिपर. तरी मला वाटतं, गावाच्या इतिहासात ही मोठी घटना होती. कुडव कुणाच्या तरी घरचा असे. तराजू दुकानदाराचा. जमिनीची साखळी सरकारची. कुळाच्या, मुंडकाराच्या मुलाच्या हातात मोजायचं साधन पहिल्यांदा आलं ते इथे. तेही 'आधी या साधनाचीच चूक तपास' या सूचनेसकट. जर्नलमध्ये 'शून्य त्रुटी' नावाचा रकाना असतो. खळ्यात असा रकाना कधी नव्हता.

आता जर्नलमधले चार प्रयोग घेऊ. प्रत्येकाला आपल्याकडचा एक धागा आहे.

पहिला प्रयोग : नोनियो

ज्याला आपण वर्निअर म्हणतो त्याला पोर्तुगीज भाषेत आजही 'नोनियो' म्हणतात. हे नाव पेद्रू नूनिश या गणितज्ञाचं. जन्म १५०२, मृत्यू १५७८. लॅटिनमध्ये त्याचं नाव नोनियुस. १५४२ साली लिस्बनमध्ये छापलेल्या त्याच्या संधिप्रकाशावरच्या ग्रंथात त्याने एक कल्पना मांडली. कोन मोजायच्या चतुर्थांश वर्तुळावर ९० भागांच्या कमानीच्या आत आणखी ४४ कमानी कोरायच्या. एकीचे भाग ८९, पुढचीचे ८८, असं करत ४६ पर्यंत. दर्शक अंशांच्या मध्येच थांबला तरी या कमानींपैकी कुठल्या तरी एकीच्या रेघेवर तो नेमका बसेल, आणि मग त्रैराशिकाने अंशाचा अपूर्णांक काढता येईल.

कल्पना अचूक, पण इतक्या कमानी अचूक कोरणार कोण? टायको ब्राहेने ती वापरून पाहिली आणि सोडून दिली. १६३१ मध्ये फ्रान्सच्या प्येर व्हर्निएने ४४ कमानींच्या जागी एकच सरकती पट्टी आणली. मुख्य पट्टीचे नऊ भाग घ्यायचे आणि सरकत्या पट्टीवर त्यांचे दहा करायचे. दोन पट्ट्यांच्या एका एका भागात एक दशांशाचा फरक पडतो, आणि तेच लघुतम माप. आपल्या कॅलिपरवर ते ०.०१ सेंटिमीटर.

तेव्हा मयेच्या शाळेतल्या कॅलिपरवर जी सरकती पट्टी आहे, तिच्या मागे एक पोर्तुगीज डोकं आहे. राज्यकर्त्यांनी ते इथे मुद्दाम आणलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या साडेचारशे वर्षांत ते डिचोलीच्या पोरांपर्यंत पोचलं नाही, आणि पोचलं तेव्हा अंबाल्याच्या खोक्यातून पोचलं.

सुरुवातीच्या त्या दंडगोलाकडे परत येऊ. १.५२ ऐवजी १.५५ धरला तर घनफळ चार टक्क्यांनी वाढतं, कारण व्यासाचा वर्ग होतो. पुढे त्यावरून पितळेची घनता काढली की ती जवळजवळ चार टक्क्यांनी कमी येते. ०.०३ सेंटिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

दुसरा प्रयोग : सुई आणि लोखंड

नूनिशचा एक सहाध्यायीसारखा शिष्य होता, दों जुआंव द कास्त्रो. हाच पुढे १५४५ मध्ये गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये व्हाइसरॉय असताना गोव्यातच वारला. गोव्याच्या इतिहासात त्याचं नाव दीवच्या वेढ्यासाठी घेतात. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. १५३८ साली तो पहिल्यांदा लिस्बनहून गोव्याला आला तेव्हा वाटेत त्याने एक प्रयोगवही लिहिली. तिला 'रोतैरू' म्हणतात, म्हणजे सागरी वाटेची नोंद.

त्या वेळी एक मत जोरात होतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जितकी ढळते त्यावरून पूर्व-पश्चिम अंतर, म्हणजे रेखांश, कळतो. कास्त्रोने ते तपासायचं ठरवलं. नूनिशने सुचवलेलं सावलीचं यंत्र त्याच्याकडे होतं. तबकडीवर अंश, मध्ये उभी काडी, सोबत सुई. सकाळी सूर्य एका उंचीवर असताना सावली कुठे पडते ते नोंदवायचं. दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर आला की पुन्हा नोंदवायचं. दोन सावल्यांच्या बरोबर मध्ये खरी उत्तर-दक्षिण. सुई तिथून किती बाजूला आहे ते तिचं ढळणं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने अशी चाळीसहून अधिक निरीक्षणं केली आणि निष्कर्ष काढला की ढळण्याचा रेखांशाशी सरळ संबंध नाही. मोठ्या लोकांचं आवडतं मत त्याने आकड्यांनी बाजूला सारलं.

ही सावलीची युक्ती आपल्याला परकी नाही. सूर्यसिद्धान्तात शंकू रोवून, भोवती वर्तुळ काढून, सकाळ-दुपारची सावली वर्तुळाला जिथे शिवते त्या बिंदूंवरून पूर्व-पश्चिम रेषा काढायची रीत दिली आहे. भूमिती एकच.

पण कास्त्रोची खरी कमाई पुढे आहे. ऑगस्ट १५३८ मध्ये मोझांबिकला त्याची सुई विचित्र वागू लागली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि कारण ओळखलं : जवळच्या तोफा, नांगर, लोखंड. त्याच वर्षी डिसेंबरात गोव्याहून दीवला जाताना वसईच्या आसपास सुई पुन्हा ढळली. तिथे लोखंडी सामान नव्हतं. त्याने दोष खडकांकडे दिला. कोकणचा तो काळा खडक खरोखरच चुंबकीय असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तो मनुष्य आकडा वाईट आला म्हणून टाकून देत नव्हता, आणि सरासरीत बुडवूनही टाकत नव्हता. आकडा का बिघडला हे शोधत होता.

शाळेत चुंबकसूचीचा प्रयोग बिघडतो तोही असाच. खिडकीचे गज, टेबलाची लोखंडी चौकट, खिशातला कंपासपेटीचा डबा. मयेत मुलं लगेच म्हणतात, "सर, आमच्या डोंगरात लोखंड आहे म्हणून!" त्यांना समजावून सांगावं लागतं की इथलं खनिज बहुतेक हेमॅटाइट आहे, त्याचं चुंबकत्व अगदी क्षीण. मॅग्नेटाइट असेल तिथे गोष्ट वेगळी. डोंगराला दोष देण्याआधी टेबल हलवून पाहा. पारडी बदलण्यासारखंच हे.

तिसरा प्रयोग : लंबकाची मोजणी

दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खोल प्रयोग. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर सेकंद देणारा लंबक तिथे मंद पडला. त्याला तो पावणेतीन-तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी आहे याचा तो पहिला पक्का पुरावा. मये सुमारे साडेपंधरा अक्षांशावर आहे. इथे गुरुत्व त्वरण अक्षांशाच्या सूत्राने ९.७८४ येतं, पुस्तकातलं ९.८ नव्हे. सेकंदाचा लंबक पॅरिसला ९९.४ सेंटिमीटर, मयेला ९९.१.

हा फरक शाळेच्या घड्याळाला दिसणार नाही. तिथे दिसते ती वेगळीच गोष्ट. एक मीटरचा लंबक घेऊन वर्गातल्या काही गटांचं उत्तर १०.८ च्या आसपास येतं. दरवेळी. कारण? गोळा सोडताना मुलगा म्हणतो 'एक'. गोळा परत आला की 'दोन'. 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं झालेली असतात एकोणीस. चाळीस सेकंदांच्या जागी अडतीस लागतात, आवर्तकाल पाच टक्क्यांनी कमी, आणि त्याचा वर्ग होऊन उत्तर जवळजवळ अकरा टक्के जास्त. दहा वेळा करा, दहा वेळा १०.८. सोडताना 'शून्य' म्हणायला हवं.

खळ्यातला माणूस 'लाभ' म्हणताना माप ओतून झालेलं असे, म्हणून ते बरोबर. लंबक सोडताना अजून काहीच झालेलं नसतं. मोजायची वस्तू बदलली की मोजणीचा आरंभ बदलतो. मी हे उदाहरण सांगितलं तेव्हा वर्गात कुणालाही 'लाभ' माहीत नव्हता. एका मुलीच्या आजीला मात्र होता, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

चौथा प्रयोग : सारमानसचा धक्का

आर्किमिडीजचा प्रयोग शाळेत मोजपात्र आणि तानकाट्याने करतात. मयेपासून जवळ, पिळगावात सारमानसच्या धक्क्यावर तोच प्रयोग कित्येक वर्षं मोठ्या आकारात चालला. डिचोलीच्या खाणींचं खनिज तिथे बार्जमध्ये भरलं जाई आणि मांडवीने मुरगावकडे जाई. पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्याने. भरलेलं जहाज किती बुडलं यावरून मालाचं वजन काढायची रीत जलवाहतुकीत सगळीकडे आहे. बाजूला रंगवलेल्या आकड्यांवर पाण्याची रेषा वाचायची, विस्थापित पाण्याचं घनफळ काढायचं, घनतेने गुणायचं.

समजा पेटीसारखा सरळ बार्ज ६० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. रेषा एक सेंटिमीटर चुकली की सात टनांचा फरक. पण लाटेमुळे होणारी ही वाट चुकलेली चूक. चार जणांनी पुढे-मागे, दोन्ही बाजूंनी वाचलं तर ती आवरते. ठाण मांडलेली चूक पाण्यातच आहे. पावसाळ्यात मांडवीचं पाणी गोडं, घनता १.०००. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी वर चढतं, समुद्राजवळ घनता १.०२५ पर्यंत. बार्जने २००० घनमीटर पाणी बाजूला सारलं असेल तर गोड्या पाण्यात ते २००० टन, खाऱ्यात २०५०. पन्नास टन, म्हणजे दहा टनांचे पाच ट्रक, निव्वळ पाण्याची चव न पाहिल्याने इकडचे तिकडे. म्हणून पाण्याचा नमुना बादलीत काढून त्यात घनतामापी सोडायचा असतो. शाळेच्या कपाटात तोच काचेचा घनतामापी पडून असतो. मुलांना वाटतं तो दूधवाल्यासाठी आहे.

शेवटी : एक-चौदाचा उतारा

मयेच्या मोजमापाचा इतिहास जमिनीपाशी आल्याशिवाय पुरा होत नाही. गावाची मोठी जमीन कोंदे द मये या पदवीच्या जमीनदार घराण्याकडे होती. १९६१ नंतर मालक इथे नसल्याने ती सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि १९६४ चा निर्वासित मालमत्तेचा कायदा तिला लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे घरं बांधून, बागायती करून राहिलेली माणसं आपल्याच अंगणात परकी ठरली. घर दुरुस्त करायचं तर प्रश्न, कर्ज काढायचं तर प्रश्न. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गोव्याची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, एक-चौदाचे उतारे तयार झाले. चौरस मीटरपर्यंत क्षेत्र लिहिलं गेलं. २०१४ साली मालकी रद्द करणारा कायदा विधानसभेने केला, तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

मी त्या उताऱ्यांकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहतो तेव्हा क्षेत्राच्या रकान्यात मला फारशी चूक सापडत नाही. मोजणीदाराने आपलं काम नीट केलं. चूक शेजारच्या, नावाच्या रकान्यात होती. शेत कितीही वेळा मोजून ती निघाली नसती. ठाण मांडून बसलेल्या चुकीचा हा सर्वांत जुना प्रकार. आकडा बरोबर, पण शून्य चुकीच्या जागी.

त्या मुलाला आज मी असं उत्तर देईन. पाच वेळा मोजून तुझा हात स्थिर आहे एवढं तुला कळलं. तेही कमी नाही. कॅलिपर खरा आहे की नाही हे मात्र जबडे रिकामे मिटल्यावरच कळलं. मोजणाऱ्याने आधी रिकाम्या मापाकडे पाहायचं आणि ते पाहायचा आपला हक्क सोडायचा नाही. तुझ्या पणजोबांना खळ्यात तो हक्क नव्हता. तुझ्या जर्नलमध्ये त्यासाठी एक रकाना छापलेला आहे. तो कोरा ठेवू नकोस.

जाता जाता एक विनंती. मये, पिळगाव, नार्वे, कारापूर या भागात कुणाच्या माळ्यावर जुनी कुडवं, पायल्या, शेर असतील तर टाकून देऊ नका. ती पाण्याने भरून, पाणी मोजपात्रात ओतून त्यांचं घनफळ शाळेच्या मुलांकडून काढून घेऊ. देण्याचं आणि घेण्याचं माप एकाच घरात वेगळं निघालं, तर तेही लिहून ठेवू.